इझमीरची शर्वाणी

स्वतःला भेटायला जाताना कोणता ड्रेस घालावा, यावर शेट्यांच्या घरात सकाळपासून चर्चा चालली होती. आईचं म्हणणं, पहिलीच भेट आहे, जरा नीट जा. शर्वाणीचं म्हणणं, तिनं माझं कपाट आतून बघितलंय, तिच्यापुढं काय नटायचं? अप्पा दारात गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभे होते. बसवराज शेटे म्हणजे तासगावच्या बेदाणा बाजारातले मुरलेले खरेदीदार. या सगळ्याशी आपलं काही देणंघेणं नाही, असा चेहरा करण्यात त्यांचा हात धरणारा बाजारात दुसरा कोणी नव्हता.

शर्वाणी बारावी झाली होती आणि तिला व्यापार शिकायचा होता, एवढं पक्कं होतं. कुठं शिकायचा, हा प्रश्न होता. पूर्वी मुलं माहितीपत्रकं चाळायची, कुणाच्या तरी मामेभावाला फोन करायची आणि देवावर हवाला ठेवून अर्ज भरायची. आता सांगलीला विश्रामबागेत प्रक्षेप केंद्र निघालं होतं. तिथं जाऊन तुम्हाला तुमच्याच पाच वर्षांनंतरच्या रूपाशी गप्पा मारता येत. केंद्राच्या पाटीवर त्याला 'भावी प्रतिरूप' असं भारदस्त नाव होतं, पण लोकांनी त्याचं केव्हाच 'पुढचा' आणि 'पुढची' करून टाकलं होतं. अमक्याचा पुढचा पुण्याहून पळून आला म्हणे, अशा बातम्या किराणा दुकानातही ऐकायला मिळत.

शर्वाणीनं तीन नावं दिली होती. पुण्याजवळचं नवं व्यवसाय विद्यापीठ, सिंगापूरचं एक नावाजलेलं विद्यापीठ आणि तिसरं तुर्कस्तानातल्या इझमीरचं, जिथं सुक्या फळांच्या व्यापाराची वेगळी पदवी होती. तिसरं नाव ऐकून अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"हे कशाला मध्येच?"

"असंच घातलं. तीन नावं लागतात म्हणून," शर्वाणी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली.

"बरं. मला काय. जा कुठंबी," अप्पा म्हणाले आणि पुसून स्वच्छ झालेला चष्मा पुन्हा पुसायला लागले.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नूतन टेंबे उंच, सडसडीत आणि भराभर बोलणाऱ्या. पूर्वी त्या समुद्रावरच्या वादळांचे अंदाज बांधायच्या. आता माणसांचे बांधत होत्या, आणि दोन्हींत फार फरक नाही असं त्यांचं मत होतं.

"वादळ कुठं धडकेल हे सांगताना आम्ही एकच गणित करत नव्हतो," त्या शर्वाणीला आणि अप्पांना समोर बसवून सांगू लागल्या. "सुरुवात किंचित बदलून तेच गणित हजारो वेळा चालवायचो. वारा थोडा कमी, पाणी थोडं गरम. बहुतेक वाटा एका किनाऱ्याकडे गेल्या, की वादळ तिकडं जाणार. इथं वादळाच्या जागी तू आहेस. आजवर त्या त्या विद्यापीठात शिकून गेलेल्या मुलांच्या वाटचाली यंत्राला माहीत आहेत. त्यात तुझा स्वभाव, तुझा अभ्यास, तुझी बोलायची लकब घालायची आणि तुझी पाच वर्षं हजारो वेळा जगून बघायची. ज्या बाजूला गर्दी होईल, तिथल्या मधल्या शर्वाणीला आम्ही बोलतं करतो."

"आणि ती खरी निघती?" अप्पांनी विचारलं.

"वादळाइतकी निघते. म्हणजे बऱ्याचदा." टेंबे हसल्या. "सगळ्यात जड वजन कशाला असतं सांगू? मार्कांना नाही. हवं असण्याला. सारखे मार्क, सारखं कॉलेज, तरी एक पोरगा तरतो आणि दुसरा बुडतो. का? एकाला ते मनापासून हवं असतं. पण माणसं शब्दांनी खोटं बोलतात, स्वतःशीसुद्धा. म्हणून मुलाखतीत आम्ही शब्द थोडेच धरतो. नजर कुठं जाते, बुबुळ किती मोठं होतं, तळहाताला घाम येतो का, ते मोजतो. अंगाला खोटं बोलता येत नाही."

अप्पांनी यावर खिडकीबाहेर बघितलं. शर्वाणीची मुलाखत आधीच्या आठवड्यात झाली होती. घरच्यांचीही घेतात म्हणून अप्पाही पट्टे बांधून त्या खुर्चीत बसून आले होते आणि 'काय विचारतील याचा नेम न्हाई' एवढंच घरी येऊन बोलले होते.

भेटीची खोली साधीच होती. दोन खुर्च्या, मध्ये काच. काचेपलीकडच्या खुर्चीत पुण्याची शर्वाणी येऊन बसली आणि इकडची शर्वाणी खुर्चीत पुढं सरकली. केस आखूड केलेले, हनुवटीवरचा तीळ तिथंच. बोलायला सराईत. ती मोठ्या कंपन्यांना सल्ला देत होती, कोथरूडला राहत होती, सुखात होती. सिंगापूरची आणखी चुणचुणीत. तिच्या हाताखाली शीतगृहांची अख्खी साखळी होती आणि बोलताना ती सारखी घड्याळ बघत होती. दोघीही 'मी जाते, मी येते' असं बोलत होत्या. तासगावात शर्वाणी आईसारखीच 'मी जातो, मी येतो' म्हणायची. पाच वर्षांत तेवढं बदलणारच, असं तिनं स्वतःला समजावलं.

मग इझमीरची आली. अंगात कुठलासा राखाडी टॉप, चेहरा दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा.

"मी पहिल्या वर्षानंतर परत आले," ती म्हणाली. "आता पुण्यात एका ऑफिसात आहे."

"का आलीस?"

"रस वाटला नाही. भाषा अवघड. आणि घरूनही कुणी काही म्हणालं नाही. मग आले."

शर्वाणी मान डोलावत राहिली. काही झालंच नाही असा चेहरा करायला ती चार-पाच वर्षांची असतानाच शिकली होती, त्यामुळे तो तिला आपोआप जमला. आतून मात्र तिला रडू येत होतं.

बाहेर आल्यावर टेंबेंनी नियम सांगितला. इझमीरचं विद्यापीठ अर्जासोबत टिकावाचा, म्हणजे मूल शेवटपर्यंत शिकेल का याचा, अंदाज मागतं. शर्वाणीचा अंदाज फारच खाली आला होता. तो जोडून अर्ज केला, तर उघडूनही बघणार नाहीत. मोजणी पुन्हा करता येते का? येते, पण केंद्राच्या मोजणीतच चूक झाल्याचं दिसलं तर. मन बदललं म्हणून येत नाही. आणि अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंतच होती.

"बरं झालं. आधीच कळलं," गाडीत अप्पा म्हणाले. "सिंगापूर बघ. न्हाईतर पुणं. मला काय, दोन्ही चांगलीच."

शर्वाणी 'हं' म्हणाली.

आता ही इझमीरची भानगड काय होती, ते सांगायला हवं. शर्वाणी लहान असताना दरवर्षी गणपती झाले की पेढीवर एक चमत्कारिक दिवस यायचा. सकाळपासून अप्पा आणि चार व्यापारी नुसते बसून राहायचे. चहा यायचा, गार व्हायचा. मग कुणाचा तरी फोन वाजायचा आणि कुणीतरी म्हणायचं, 'इझमीर फुटलं.' म्हणजे तिकडच्या नव्या बेदाण्याचा भाव जाहीर झाला. तिकडं जगातला सगळ्यात मोठा बेदाणा बाजार, त्यामुळे तो आकडा आला की तासगावात वखारींची दारं उघडायची, नाहीतर बंद व्हायची. छोट्या शर्वाणीला प्रश्न पडायचा, हा आकडा बोलतं कोण? तो बोलतात त्या खोलीत किती माणसं असतात? ती आपल्यासारखी बेदाणा चावून बघतात की नुसता वास घेतात? त्यांना ठाऊक आहे का, की ते बोलले की इथं तासगावात माझे अप्पा हातातला कप खाली ठेवतात? अप्पा म्हणायचे, त्यांना काय पडलंय. तिचं समाधान व्हायचं नाही. तिला त्या खोलीत उभं राहायचं होतं. मोठी होईल तसं हे खूळ जाईल असं तिलाही वाटलं होतं, पण ते वाढतच गेलं. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तुर्की भाषेचे धडे ती कानात इअरफोन घालून, गाणी ऐकत असल्याचं सोंग करून ऐकायची.

चार दिवसांनी ती एसटीनं एकटीच सांगलीला गेली. एका पुढचीला दुसऱ्यांदा भेटायची मुभा असते. तिनं इझमीरचीच मागितली.

"तू तिथं होतीस तेव्हा भाव फुटला असेल ना?"

"असेल."

"तू गेली होतीस बघायला? त्या खोलीत?"

इझमीरची थोडा वेळ आठवत राहिली. "गेले होते बहुतेक. गर्दी होती."

"बोलतं कोण? आकडा कोण बोलतं?"

"लक्ष नव्हतं माझं," ती म्हणाली.

शर्वाणी ताडकन उठली आणि टेंबेंच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. "ही मी नव्हे, मॅडम."

"सगळे असंच म्हणतात," टेंबे शांतपणे म्हणाल्या. "विशेषतः ज्यांचा पुढचा नापास झालेला असतो ते."

"नापास होऊ दे हो. पण माझं लक्ष नव्हतं? त्या खोलीत?"

टेंबेंनी तिला जवळ बसवून पडद्यावर मुलाखतीची नोंद उघडली. तिन्ही विद्यापीठांची चित्रं समोर आली, तेव्हा शर्वाणीची नजर सिंगापूरवर सगळ्यात जास्त रेंगाळली होती. पुण्यावर बऱ्यापैकी. इझमीरच्या चित्रावरून ती ओझरती फिरली आणि थेट छताच्या पंख्याकडे गेली. तळहात कोरडे, नाडी संथ. इतकी संथ, की बाकीच्या दोन वेळांपेक्षाही कमी.

"कंटाळल्यावर माणूस पंखा बघतो," टेंबे म्हणाल्या. "मी तरी काय करू?"

आपल्याला खरंच ते नको असेल की काय, ही शंका घेऊनच शर्वाणी परतीच्या बसमध्ये बसली. आपल्याच मनाचा असा भरवसा वाटेनासा होणं ही फार वाईट गोष्ट, आणि ती एका यंत्रानं एका दुपारी करून दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी तासगावला सौदे होते. अप्पांबरोबर ती नेहमीसारखीच गेली. आता सगळे सौदे ऑनलाइन होणार, अशा घोषणा कितीदा तरी झाल्या, पण चावून बघितल्याशिवाय बेदाणा घेणारा व्यापारी अजून जन्माला यायचा होता. बाजार समितीच्या लांबलचक हॉलमध्ये नमुन्यांची ताटं रांगेनं मांडलेली. हिरवा, पिवळा, काळा. व्यापारी मूठ भरून उचलतात, चार दाणे तोंडात टाकतात, उरलेले तसेच उधळतात. त्यामुळे फरशी सगळी चिकट झालेली आणि चपला उचलताना चरचर वाजत असलेल्या.

रमणशेठ नावाचे एक स्थूल खरेदीदार दारापाशी पिवळ्या बेदाण्याच्या ताटावर वाकून उभे होते. दाणा उजेडात धरून बघत होते, मान हलवत होते.

"शेठनी पिवळा धरला वाटतं," शर्वाणी म्हणाली.

"डोळे फुटले काय तुझे?" अप्पा ओठ न हलवता म्हणाले. "खांबामागचा हिरवा पायजे त्याला. तिकडं एकदाबी बघितलं न्हाई त्यानं."

पुकारा झाला. खांबामागचा हिरवा रमणशेठनीच उचलला. अप्पांनी त्यानंतर तीन ताटं निवांत चाखली, एकाची तारीफ केली, एकाच्या मालकाशी हुज्जत घातली, आणि घेतला तो चौथाच माल, ज्याच्याजवळून जाताना त्यांनी वर पंख्याकडे बघितलं होतं.

वर पंख्याकडे. शर्वाणीच्या हातातले दाणे हातातच राहिले.

तिला घरातल्या वाट्या आठवल्या. ती लहान असताना अप्पा तिच्यापुढं तीन वाट्या ठेवायचे. एकीत चणे, एकीत शेंगदाणे, एकीत तिचा आवडता लांब हिरवा बेदाणा. मग समोर बसून तिच्या डोळ्यांत बघायचे. तिची नजर बेदाण्याकडे गेली की, 'बघितलंस, गेलं,' म्हणून तो आपणच खाऊन टाकायचे. पहिल्यांदा ती रडली. मग शिकली. शाळेत जायच्या आधी तिला नजरच काय, श्वासही आवरायला येत होता. जे सगळ्यात हवं, त्याच्याजवळ गेलं की तिचं अंग आपोआप शांत व्हायचं. अप्पांनाही त्यांच्या अप्पांनी असंच शिकवलं होतं.

तिनं तिथूनच टेंबेंना फोन लावला. "मॅडम, तुमचं ते नजर मोजायचं यंत्र बाहेर आणता येतं काय?"

टेंबेंच्या अंगात शास्त्रज्ञ होता, हे शर्वाणीचं नशीब. चूक सापडतेय म्हटल्यावर दुसरं एखादं कचेरीतलं माणूस फायली आवरू लागलं असतं. या बाई पुढच्याच सौद्याला हजर झाल्या. येताना नजर टिपणारा चष्मा आणि मनगटाचा पट्टा घेऊन आल्या. अप्पांना ते घालायला लावणं सोपं नव्हतं. 'भर बाजारात हे जोखड?' म्हणून ते अडून बसले. शेवटी शर्वाणी म्हणाली, "राहू दे मॅडम. त्यांना न्हाई जमायचं. पकडले जातील." यावर अप्पांनी टेंबेंच्या हातातला चष्मा घेऊन चढवला.

टेंबे हातातल्या पडद्यावर आकडे बघत मागून चालत होत्या. सौद्याआधी त्यांनी कागदावर तीन अंदाज लिहून शर्वाणीकडे दिले. तिन्ही चुकले. अप्पांनी घेतलेला प्रत्येक माल यंत्राच्या हिशेबात त्यांना सगळ्यात नकोसा असलेला होता.

"नाडी खाली जाते," टेंबे अक्षरशः हरखल्या होत्या. "हवी ती वस्तू दिसली की यांची नाडी खाली जाते. असं माणूस मी बघितलेलं नाही."

"हितं सगळेच हैत," अप्पा छाती काढून म्हणाले. "मी जरा जास्त हाय, एवढंच."

"शेटेसाहेब, तुम्ही माझ्या यंत्राचं वाटोळं केलंय. आणि तुमच्या मुलीच्या अंदाजाचंही." टेंबेंचा आवाज आता गंभीर झाला. "तिनं इझमीरकडे बघून पंख्याकडे नजर वळवली. यंत्र समजलं, हिला नको आहे. तिला नको असताना तिथं पाठवून दिलेली शर्वाणी आम्ही हजारो वेळा जगवली. ती परत नाही येणार तर काय करणार?"

अप्पांनी हळूच चष्मा काढला. "इझमीर?" ते शर्वाणीला म्हणाले. "तुला इझमीरला जायचंय?"

शर्वाणी म्हणाली, "असंच आपलं." आणि मग तिचं तिलाच कळलं की आपण कुठं बघतोय. ती खांबाकडे बघत होती.

केंद्रानं चूक मान्य केली आणि फेरमोजणी ठरली. पण चूक कळली म्हणून सवय जाते थोडीच. शर्वाणी खुर्चीत बसली, पट्टे बांधले, पडद्यावर इझमीरचं बंदर आलं. तिनं मनाशी ठरवलं, सरळ बघायचं. नजर निसटून छताला लागली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. 'मला हे हवंय' एवढं वाक्य म्हणायला सांगितलं, तर ती 'मला हे चालेल' म्हणाली.

टेंबे पेन टेबलावर आपटत बसल्या. मग म्हणाल्या, "घरच्यांचं आधी घेऊ. तेही चुकलेलंच असणार. शेटेसाहेब, तुम्ही बसा."

"माझं कशाला? माझं काय अडलंय?"

"तुमचं फार अडलंय. मागच्या वेळी मी तुम्हाला विचारलं होतं, मुलगी लांब गेली तर तुम्हाला कसं वाटेल. तुम्ही म्हणालात, मला काय. यंत्रानंही तेच टिपलं. या माणसाला काही फरक पडत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "लांब जाऊन कोणती मुलं टिकतात, याचा आम्ही पुष्कळ शोध घेतला. आम्हाला वाटलं होतं, ज्यांना घरून आनंदानं निरोप मिळतो ती. तसं नाही निघालं. ज्यांचं जाणं घरी कुणालातरी खरंच जड गेलं आणि तसं त्यांनी बोलून दाखवलं, ती टिकतात. परक्या गावात अवघड दिवस आला की त्यांना ठाऊक असतं, आपली वाट बघणारं कुणीतरी आहे. मग त्याला फोन करतात, रडतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जातात. ज्यांना वाटतं आपण असलो-नसलो सारखंच, ती गळपटतात."

शर्वाणीला काचेपलीकडची ती राखाडी मुलगी आठवली. घरूनही कुणी काही म्हणालं नाही, मग आले, असं ती म्हणाली होती.

अप्पा खुर्चीत बसले. त्यांनी पट्टे बांधू दिले. टेंबेंनी तोच प्रश्न विचारला. अप्पांनी पंख्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, खिशातून रुमाल काढून आधीच कोरडं असलेलं कपाळ पुसलं.

मग त्यांनी मान वळवली आणि शर्वाणीकडे सरळ बघितलं. इतकं सरळ, की तिलाच अवघडून आलं. असं त्यांनी तिच्याकडे कधी बघितल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मला पोरगी हितं पायजे," अप्पा म्हणाले. "पेढीवर. माझ्या शेजारच्या गादीवर. पुणं, सिंगापूर मला कायबी नको. सकाळी ती नसली की मला चहा गोड लागत न्हाई. हे बोललो तर ती जायची न्हाई म्हणून बोललो न्हाई. पोरीच्या पायात पाय घालायचा नव्हता मला." त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली. "मला वाटलं, मला काय म्हटलं की ती मोकळ्या मनानं जाईल."

टेंबेंनी पडद्याकडे बघितलं. नाडी वर चढली होती, तळहात भिजले होते. बाजारात भल्याभल्यांना दाद न देणारं ते अंग पहिल्यांदाच खरं बोलत होतं.

शर्वाणी रडत होती. तिला वाईट वाटत होतं आणि फार बरंही वाटत होतं. आपण कुणाला इतके हवे आहोत, हे तिला अठरा वर्षांत आज पहिल्यांदा कळलं होतं. डोळे न पुसताच ती म्हणाली, "अप्पा, मला इझमीरला जायचंय." बोलताना ती त्यांच्याकडे बघत होती. "लहानपणापासून जायचंय. तो आकडा कोण बोलतं ते बघायचंय मला. मी तुर्की शिकतो, गाणी न्हाई ऐकत."

"ते ठाऊक हाय मला," अप्पा म्हणाले. "एवढा वेळ गाणी ऐकून कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटत न्हाई."

टेंबेंनी हलकेच दुसरे पट्टे उचलले. "आता बस," त्या शर्वाणीला म्हणाल्या. "हे डोळे असेच असू देत."

निकाल यायला आठवडा लागला. अप्पा पुढचीला भेटायला खोलीत येणार नव्हते. "यंत्राशी काय बोलायचं," म्हणत ते बाहेर बाकावर बसले. दार उघडंच राहिलं, तेव्हा ते उठून दाराशी आले, आणि थोड्या वेळानं आत येऊन शर्वाणीच्या खुर्चीमागं उभे राहिले.

काचेपलीकडची मुलगी वेगळीच होती. केस कसेतरी वर बांधलेले, कोटाच्या बाहीला चिकट डाग, गालात एक दाणा घोळत असलेला.

"टिकलीस?" शर्वाणीनं विचारलं.

"टिकलो की. पहिलं वर्ष लई वंगाळ गेलं. रोज अप्पांना फोन करून डोकं खाल्लं. मग जमलं."

"त्या खोलीत गेलीस?"

तिचे डोळे चमकले. ती पुढं सरकून बसली आणि सांगतच सुटली. खोली आपल्याला वाटायची तेवढी मोठी नाही. आकडा एक म्हातारा बोलतो, त्याआधी घसा खाकरतो, आणि तो खाकरला की सगळे गप्प होतात. तेही चावूनच बघतात. आणि हव्या त्या ढिगाकडे तेसुद्धा बघत नाहीत. "मला पहिल्याच दिवशी कळलं कुणाला काय पायजे ते. तिथले चक्रावले. आता खरेदीला मलाच पुढं घालतात."

शर्वाणी हसली. खरं काय होईल ते कुणाला ठाऊक, टेंबेंनीच सांगितलं होतं, वादळाइतकाच अंदाज. पण ही आपण आहोत, याबद्दल आता तिला शंका उरली नव्हती.

मागून अप्पांनी घसा साफ केला. कुणाशी बोलतोय हे विसरून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आणि तासगावला कधी?"

काचेपलीकडची मुलगी थांबली. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. तिनं गालातला दाणा चावला, खांदे उडवले. "तासगाव? बघू की. आता सगळं हितंच हाय माझं. तिकडं काय ठेवलंय," ती म्हणाली, आणि वर पंख्याकडे बघू लागली.

शर्वाणीनं मान वळवून अप्पांकडे बघितलं. टेंबे तर घाईघाईनं पुढं आल्या. "साहेब, मनाला लावून घेऊ नका. परतण्याचा भाग नेहमीच कच्चा असतो, पाच वर्षांनंतरचं काही सांगता येत..."

अप्पांनी हात वर केला. सौदा पटल्यावर दुसऱ्याची बोली थांबवायला करतात, तसा. त्यांचे डोळे भरले होते आणि मिशीतल्या मिशीत ते हसत होते.

"मॅडम, ती कुठं बघत्या ते बघा," ते म्हणाले. मग शर्वाणीच्या डोक्यावर हात ठेवला. "भर अर्ज. येत्या ही परत."